असीरगडाच्या वेढ्यातला पाद्री

अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूर मागे टाकले की जळगावच्या वाटेवर पहूर लागते. तिथून ईशान्येला नजर वळवावी. मध्ये तापी आहे, तापीच्या काठी बुऱ्हाणपूर आहे आणि बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या एका सुळक्यावर, असीरगड. पहूरहून सरळ रेषेत हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास भरते. आज मध्ये राज्याची सीमा आहे. १६०० साली ती नव्हती. हा सगळा मुलूख खानदेश होता आणि त्याचे कुलूप असीरगडावर होते.

त्या वर्षी गडाच्या पायथ्याशी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी फौज तळ देऊन बसली होती. त्या तळात, बादशाही डेऱ्यापासून फार दूर नसलेल्या एका तंबूत, काळा झगा घातलेला एक पन्नाशीचा स्पॅनिश पाद्री राहत होता. त्याचे नाव जेरोनिमो झेवियर. गोव्याच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या बहिणीचा तो नातू.

खानदेशच्या इतिहासात या माणसाला सहसा एक ओळही मिळत नाही. तरीही असीरगड कसा पडला, या प्रश्नावर इतिहासकारांत जो वाद झाला, त्याच्या मुळाशी हाच पाद्री आहे.

आधी गडाविषयी.

खानदेशात फारुकी घराण्याची सत्ता मलिक राजाने १३८२ मध्ये स्थापली. त्याचे ठाणे तापीकाठचे थाळनेर, म्हणजे आजच्या धुळे जिल्ह्यात. त्याचा मुलगा नसीर खान याने असीर घेतला. फिरिश्ता सांगतो की तिथे आसा नावाचा अहीर सरदार होता. नसीर खानाने आपल्या जनानखान्याला आश्रय मागितला, डोल्या गडावर चढल्या आणि डोल्यांतून बायकांऐवजी हत्यारबंद शिपाई उतरले. डोल्यांची ही कथा हिंदुस्थानातील अनेक किल्ल्यांविषयी सांगितली जाते, तेव्हा तिच्यावर किती भार टाकायचा ते वाचकाने ठरवावे. गड कपटाने गेला ही आठवण मात्र असीरला पहिल्यापासून चिकटली, आणि दोनशे वर्षांनी तीच पुन्हा उगवली.

गड तीन थरांचा आहे. खाली मलयगड, मध्ये कमरगड, वर मुख्य असीरगड. पायथ्यापासून माथा सुमारे आठशे फूट उंच. वर पाण्याची टाकी, धान्याची कोठारे, तोफा आणि दारूगोळ्याचा प्रचंड साठा. नर्मदेकडून दक्षिणेत उतरणारी वाट या डोंगराच्या नजरेखालून जाते. म्हणूनच त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत.

फारुकींचे हे केवळ ठाणे नव्हते, राजघराण्याचे घरही होते. जेझुइट वृत्तांतात एक विलक्षण प्रथा नोंदली आहे : गादीवर हक्क सांगू शकतील असे सात राजपुत्र कुटुंबासह गडावरच ठेवले जात. राजा मेला की त्यांतला एक गादीवर येई. बाकीच्यांनी गड सोडायचा नाही. हबसाणातील राजपुत्रही असेच डोंगरावर कोंडले जात, हे युरोपी पाद्र्यांना ठाऊक होते, त्यामुळे त्यांना ही गोष्ट विशेष वाटली.

अकबराशी फारुकींचे वैर जुने नव्हते. राजा अली खानाने मोगलांचे वर्चस्व मान्य केले होते. १५९७ मध्ये गोदावरीकाठच्या लढाईत तो मोगलांच्या बाजूने लढताना मारला गेला. धुमश्चक्रीत तो शत्रूला मिळाला अशी अफवा पसरली आणि मोगल सैनिकांनी त्याचीच छावणी लुटली. त्याचे प्रेत सापडल्यावर खरे काय ते कळले. त्याचा मुलगा बहादूर गादीवर आला तो ही आठवण घेऊन. शाहजादा दानियाल १६०० च्या आरंभी बुऱ्हाणपूरवरून अहमदनगरकडे निघाला, तेव्हा बहादूर त्याच्या भेटीला गेला नाही. तो असीरवर जाऊन बसला. हा अपमान अकबराने सोडला नाही आणि तो स्वतः बुऱ्हाणपुरात येऊन उतरला.

त्याच्याबरोबर झेवियरही आला.

जेरोनिमो १५४९ मध्ये स्पेनच्या नवारा प्रांतात जन्मला. मूळ आडनाव एस्पेलेता. झेवियर हे नाव त्याने आपल्या प्रसिद्ध नातलगावरून घेतले. १५६८ मध्ये तो जेझुइट संघात गेला, १५८१ मध्ये गोव्याला आला. वसईच्या आणि कोचीच्या विद्यालयांचा तो प्रमुख होता. वसईचा उल्लेख मुद्दाम केला पाहिजे. मोगल दरबारात जाण्यापूर्वी या माणसाने उत्तर कोकणाच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज सत्ता, चर्च आणि स्थानिक रयत यांचा संसार कसा चालतो, ते जवळून पाहिले होते.

अकबराने गोव्याहून पाद्री बोलावण्याची ही तिसरी वेळ होती. पहिल्या खेपेला, १५८० मध्ये, रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्याचे सोबती फत्तेपूरला गेले, बादशहाने त्यांचे धर्मग्रंथ डोक्याला लावले, वादसभा रंगल्या आणि अखेर काहीच घडले नाही. १५९१ ची दुसरी खेप त्याहून लवकर आटोपली. डिसेंबर १५९४ मध्ये झेवियर, इमान्युएल पिन्हेइरो आणि बेंतो द गोइश असे तिघे गोव्याहून निघाले आणि १५९५ च्या मेमध्ये लाहोरला पोचले. झेवियरने पहिली कित्येक वर्षे एकाच कामात घातली : फार्सी शिकणे. दुभाष्याच्या तोंडून देवाविषयी बोलता येत नाही, हे पहिल्या दोन खेपांनी शिकवले होते.

बादशहा फिरे तसा झेवियर फिरे. काश्मीरला गेला, तिथला दुष्काळ त्याने पाहिला. १५९८ च्या अखेरीस लाहोर सुटले, आग्रा आले. पुढच्या वर्षी फौज दख्खनकडे वळली आणि झेवियर व गोइश तिच्यासोबत नर्मदा उतरून आले. पिन्हेइरो लाहोरच्या चर्चसाठी मागे राहिला.

मोगल छावणी हे चालते शहर असे. बाजार, कारखाने, जनाना, दफ्तर, सगळे तंबूंत. त्या शहरात ख्रिस्तीही होते : आर्मेनियन व्यापारी, तोफखान्यावर चाकरी करणारे फिरंगी, इकडून तिकडे भटकत आलेले लोक. झेवियरचे रोजचे काम त्यांच्यात होते. तंबूतल्या वेदीपुढे मिस्सा म्हणायची, कबुलीजबाब ऐकायचे, मरणाऱ्याच्या उशाशी बसायचे. उरलेल्या वेळात बादशहाचे बोलावणे आले की जायचे, चित्रे दाखवायची, प्रश्नांना उत्तरे द्यायची. अकबराचे प्रश्न संपत नसत. बाप्तिस्मा मात्र तो कधी घेईल, याची झेवियरने पाहिलेली वाट तेव्हा पाच वर्षांची झाली होती.

अशा माणसाला १६०० मध्ये एक मागणी आली, आणि ती धर्माविषयी नव्हती.

असीर तोफांनी पडत नव्हता. डोंगरावर तोफा चढवणे अवघड, आणि वरून येणारा मारा खालच्याहून भारी. किल्ल्यातील तोफखाना चालवण्यात काही पोर्तुगीजही होते. जेझुइट वृत्तांत त्यांची संख्या सात सांगतो. अकबराने उपाय शोधला तो समुद्राकाठचा. चौल पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. समोरचा कोर्लईचा किल्लाही त्यांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला होता. तिथे उत्तम तोफा होत्या. त्या मागवाव्यात, आणि सोबत पाद्र्यानेही पत्र द्यावे, असे बादशहाने झेवियरला सांगितले.

झेवियर नाही म्हणाला.

असे करणे ख्रिस्ती धर्माला धरून होणार नाही, हे त्याने दिलेले कारण. अकबर संतापला. पाद्र्यांनी आपल्या नजरेसमोरून निघून जावे, गोव्याला परतावे, असा हुकूम झाला. झेवियर आणि गोइश यांनी बांधाबांध सुरू केली. तेव्हा छावणीतल्या एका हितचिंतकाने सल्ला दिला : निघू नका. बादशहाचा राग घेऊन या वाटेने गेलात तर जिवंत पोचणार नाही. थांबा, राग उतरेल. ते थांबले. राग उतरलाही.

हा प्रसंग वाचून झेवियरला शांततेचा पुजारी ठरवण्याचा मोह होतो. तो आवरावा. पोर्तुगीजांच्या तोफांना गोव्याच्या पाद्र्यांनी एरवी हरकत घेतलेली नाही. त्याच तोफांच्या छायेत त्यांची चर्चे उभी होती. खुद्द जेझुइट वृत्तांतच दुसरे कारण सुचवतो : बहादूरशी पोर्तुगीजांचा तह नुकताच झाला होता. ज्याच्याशी मैत्री केली त्याच्याच गडावर तोफा डागायला मदत करायची, हे गोव्याच्या राजकारणाला परवडणारे नव्हते. शिवाय मोगल दख्खनेत जितके खाली सरकतील तितके ते चौल-वसईच्या जवळ येणार, हे समजायला नकाशा पुरेसा होता.

मग झेवियरचा नकार धर्माचा की गोव्याच्या हिताचा? बहुधा त्यालाही ही दोन कारणे वेगळी करता आली नसती. तो बादशहाच्या अन्नावर राहत होता आणि त्याची निष्ठा रोमला व लिस्बनला वाहिलेली होती. पोपचा आणि पोर्तुगालच्या राजाचा माणूस म्हणूनच तो दरबारात आलेला होता. एकाच माणसाच्या अंगावर दोन धन्यांचा झगा होता. मात्र एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. होय म्हटले असते तर त्याचे काहीच बिघडणार नव्हते. चौलच्या कप्तानाने पत्राला केराची टोपली दाखवली असती आणि पाद्री मोकळा झाला असता. चिडलेल्या अकबरासमोर, त्याच्याच छावणीत उभे राहून, नाही म्हणायला वेगळे धैर्य लागते.

वेढा लांबत गेला. ऑगस्टमध्ये चांदबिबीचा खून होऊन अहमदनगर पडले. उत्तरेत सलीमने अलाहाबादला बंड मांडले होते, त्यामुळे अकबराला परतण्याची घाई होती. वर्षाच्या अखेरीस अबुल फझलच्या तुकडीने मलयगडाचा भाग चढून घेतला. डिसेंबरमध्ये बहादूर खाली आला. १७ जानेवारी १६०१ रोजी असीर मोगलांच्या हाती गेला.

बहादूर खाली का आला आणि गड कसा उघडला, इथे कथा दुभंगते.

अबुल फझल आणि दरबारी फार्सी इतिहासकार सांगतात की गडावर साथ पसरली. माणसे आणि जनावरे दाटीने कोंडली होती. पाय सुजू लागले, डोळे जाऊ लागले, हजारो मेले. धीर खचला आणि गड शरण आला.

जेझुइट वृत्तांत साथीचे नाव घेत नाही. त्यात अकबर बहादूरला भेटीसाठी बोलावतो, सुखरूप परत पाठवण्याची शपथ स्वतःच्या मस्तकावर घेतो. बहादूर गळ्यात शेला टाकून, शरणागताच्या वेषात येतो, तीनदा मुजरा करतो. एक मोगल सरदार त्याचे डोके धरून त्याला जमिनीवर लोळवतो, कारण मुजरा पुरेसा नसतो, साष्टांग सिजदा हवा असतो. गड खाली करण्याचे पत्र लिही, असे बादशहा सांगतो. बहादूर नकार देतो आणि अडकतो. वर किल्लेदार एक हबशी वृद्ध आहे. तो आपल्या मुलाला, मुकर्रब खानाला, शपथेची आठवण द्यायला खाली पाठवतो. तुझा बाप गड देईल का, असे त्याला विचारले जाते. देणार नाही, आणि बहादूर परत आला नाही तरी राजांचा तोटा नाही, असे तो उत्तरतो. त्याला तिथेच भोसकले जाते. बातमी वर पोचते. किल्लेदार सात राजपुत्रांपैकी कोणी गादी घेतो का विचारतो. कोणी पुढे येत नाही. तो आपल्याच शेल्याने गळफास घेतो. त्यानंतर खालून सोने-रुपे वर जाऊ लागते आणि दरवाजे उघडतात.

ब्रिटिश इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथ याने १९१७ मध्ये अकबराचे चरित्र लिहिले, तेव्हा त्याने दुसरी कथा संपूर्ण उचलली. त्याचा युक्तिवाद सोपा होता : झेवियर तिथे होता, त्याला खोटे बोलायचे कारण नव्हते, अबुल फझल पगारी होता, त्याला होते. स्मिथच्या पुस्तकातून ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत गेली आणि अकबराच्या शपथभंगाचे ते ठळक उदाहरण झाले.

सी. एच. पेन याने १९२६ मध्ये जेझुइट वृत्तांताचे इंग्रजी भाषांतर काढले आणि या युक्तिवादाची खुंटी हलवली. ज्या मजकुरावर स्मिथ विसंबला तो झेवियरचा हस्तलिखित जबाब नव्हे. जेझुइट आपल्या वरिष्ठांना पत्रे पाठवत. ती गोव्याला, तिथून जहाजाने लिस्बनला जात. तिथे फर्नाव गेरेरोने त्यांतून सारांश काढून पोर्तुगीजमध्ये छापले. ते वाचून पिएर द्यु जारिक या फ्रेंच जेझुइटाने बोर्दोत बसून आपला इतिहास रचला आणि त्याचा शेवटचा भाग १६१४ मध्ये प्रसिद्ध झाला. द्यु जारिकने हिंदुस्थान कधी पाहिला नाही. असीरच्या डोंगरापासून बोर्दोच्या मेजापर्यंत गोष्ट किती हातांतून गेली हे मोजले, तर 'झेवियर तिथे होता' हे वाक्य पोकळ वाटू लागते. तो छावणीत होता, हे खरे. बहादूरच्या भेटीच्या वेळी डेऱ्यात होता, किल्लेदाराच्या गळ्यातला शेला त्याने पाहिला, असे कोणीही म्हटलेले नाही. छावणीतील अफवा ऐकायला तो उत्तम जागी होता, इतके निश्चित.

इतिहासाच्या नव्या अभ्यासकाने इथे घाईने पक्ष निवडू नये. अबुल फझल बादशहाचा मित्र, शिवाय वेढ्यातला सेनानीही. स्वतःच्या मोहिमेला लाचेचा वास येईल असे तो लिहिणार नाही. झेवियर तोफांच्या प्रकरणात अपमानित झालेला. गोव्यात बहादूरविषयी सहानुभूती होती. दोन्ही साक्षी हितसंबंधी आहेत. पण त्या एकमेकींना पूर्णपणे खोडतही नाहीत. गडावर रोग असू शकतो आणि खालून पैसाही जाऊ शकतो. खचलेल्या शिबंदीला लाच लवकर पटते. दोन्ही वृत्तांतांत एक बाब समान आहे : बहादूर आपल्या पायांनी खाली आला, परत गेला नाही, आणि राज्य गमावलेला कैदी म्हणून ग्वाल्हेरच्या किल्ल्यात गेला. त्याच्याशी काय बोलणे झाले होते, हाच खरा प्रश्न, आणि त्याचे उत्तर दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने लिहिले.

गड पडल्यावर झेवियरच्या वाट्याला आले ते काम मात्र नि:संशय त्याचे होते.

किल्ल्यातून जे पोर्तुगीज हाती लागले, त्यांनी तिथल्या चाकरीत इस्लाम स्वीकारला होता. अकबराला हे कळल्यावर त्याचे मत कठोर झाले. ज्यांनी आपला धर्म सोडला त्यांच्यावर विश्वास काय ठेवायचा? झेवियरने त्यांना मागून घेतले. ज्याने काही महिन्यांपूर्वी बादशहाला तोफा नाकारल्या, त्याच पाद्र्याच्या शब्दावर बादशहाने तोफा चालवणारी माणसे सोडली. ती पुन्हा ख्रिस्ती झाली.

बुऱ्हाणपूर आणि असीर इथल्या पाडावात फिरंगी बापांची मुले आणि त्यांच्या घरची माणसेही होती. मार्च १६०१ मध्ये अकबराने गोव्याचा व्हाइसरॉय आयरेस द साल्दान्या याच्याकडे वकील पाठवला. मैत्रीचे पत्र, भेटीदाखल घोडा व शिकारी चित्ता, आणि कुशल कारागीर पाठवण्याची विनंती. त्या वकिलातीबरोबर बेंतो द गोइश निघाला आणि त्याच्यासोबत ही सुटका झालेली माणसेही. मेच्या अखेरीस ती सारी गोव्याला पोचली आणि मुलांचा बाप्तिस्मा झाला. खानदेशात जन्मलेली, तापीकाठची बोली बोलणारी ती पोरे गोव्याच्या दमट पावसाळ्यात काय करत राहिली असतील, याची नोंद वृत्तांतांना महत्त्वाची वाटली नाही.

गोइश पुढे मध्य आशियातून चीनच्या शोधात गेला आणि १६०७ मध्ये चीनच्या वेशीवरच्या सूचौ गावी मेला. तो स्वतंत्र विषय आहे.

अकबराने विजय दगडात आणि सोन्यात कोरला. असीरच्या टांकसाळीतून ससाण्याचे चित्र असलेली सोन्याची मोहर निघाली. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत, जिथे फारुकी सुलतानाने काही वर्षांपूर्वी अरबीबरोबर संस्कृत लेखही कोरवला होता, तिथे बादशहाच्या विजयाचा फार्सी लेख आला. खानदेशाचे नाव शाहजादा दानियालवरून 'दानदेश' ठेवले गेले. फत्तेपूरच्या बुलंद दरवाजावर याच मोहिमेचा लेख आहे, आणि त्या लेखात येशूच्या नावावर एक वचन येते : जग हा पूल आहे, त्यावरून जावे, त्यावर घर बांधू नये, अशा अर्थाचे. अनेकांना वाटते की ते झेवियरने बादशहाला सांगितले असेल. तसे नसावे. हे वचन बायबलमध्ये नाही. इस्लामी परंपरेत ते येशूच्या नावावर फार आधीपासून फिरत होते.

झेवियर छावणीबरोबर आग्र्याला परतला. तिथे त्याची लेखणी चालू लागली. लाहोरच्या अब्दुस सत्तार या विद्वानाच्या मदतीने त्याने येशूचे चरित्र फार्सीत लिहिले, 'मिरात-उल-कुद्स', आणि १६०२ मध्ये ते अकबरापुढे ठेवले. त्याच्या सचित्र प्रती मोगल चित्रकारांनी सजवल्या. १६०९ मध्ये त्याचा वादग्रंथ 'आईना-ए-हकनुमा' तयार झाला. अब्दुस सत्तार मात्र पाद्र्याच्या सहवासात इतकी वर्षे राहूनही पक्का मुसलमान राहिला, आणि पुढे जहांगीराच्या रात्रीच्या बैठकींत त्याच पाद्र्यांशी वाद घालू लागला. १६०५ मध्ये अकबर गेला तोही बाप्तिस्मा न घेताच. अखेरच्या दिवसांत पाद्र्यांना त्याच्या खोलीत प्रवेश मिळाला नाही.

खानदेशाचा धागा इथे आणखी एकदा वर येतो. दानियाल बुऱ्हाणपुरातच दारूने मेला. बादशहाने पहारे बसवले तेव्हा बंदुकीच्या नळीतून दारू आणवली, अशी त्याची गोष्ट जहांगीरनेच लिहून ठेवली आहे. त्याचे तीन मुलगे जहांगीराच्या आश्रयाला होते. १६१० मध्ये, जहांगीराच्या संमतीने, त्या तिघांना आग्र्यात झेवियरने बाप्तिस्मा दिला. तहमूरस डॉम फिलिप झाला, बायसंघर डॉम कार्लोस, होशंग डॉम हेन्रिक. वाजतगाजत मिरवणूक निघाली. तिच्या अग्रभागी सेंट जॉर्जचा झेंडा घेऊन इंग्रज वकील विल्यम हॉकिन्स घोड्यावर होता. एरवी तो आणि जेझुइट एकमेकांचे तोंड पाहत नसत. बादशहाने हे केले ते पुतण्यांना गादीपासून दूर ठेवण्यासाठी, असे पुढे सर टॉमस रो याने लिहिले. पंधरा वर्षांच्या कष्टांनंतर झेवियरच्या हाती आलेले हे सर्वांत मोठे फळ, आणि ते बहुधा दुसऱ्याच हिशेबात पिकले होते. थोड्याच वर्षांत राजपुत्रांनी क्रूस परत केले. तहमूरस आणि होशंग यांना १६२८ मध्ये शाहजहानच्या आज्ञेने मारण्यात आले.

१६१३ मध्ये पोर्तुगीजांनी 'रहिमी' हे जहाज पकडले. ते जहांगीराच्या आईचे होते. संतापलेल्या बादशहाने चर्चे बंद केली, पाद्र्यांचे तनखे थांबवले. असीरच्या पायथ्याशी तोफांवरून जे झाले होते, तेच आता जहाजावरून झाले : गोव्याने केले आणि आग्र्याच्या पाद्र्याने सोसले. साठी ओलांडलेला झेवियर वीस वर्षांच्या दरबारवासानंतर १६१४ मध्ये खाली गोव्याला आला.

केरळातील क्रांगानोरच्या धर्मपीठावर साहाय्यक म्हणून त्याची नेमणूक झाली होती. ते पद त्याने कधी हाती घेतले नाही. २७ जून १६१७ च्या रात्री गोव्याच्या सेंट पॉल विद्यालयात आग लागली. झेवियर आपल्या खोलीत धुराने गुदमरून मेला.